सेप्सिसमधून आई वाचली, पण हृदय कायमचं कमजोर झालं का?

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची, १२ वर्षांपासून मधुमेह. गेल्या महिन्यात तिला लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या तीन दिवस चालू होत्या. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली म्हणून कराडला नेलं. बीपी ७० होतं. मूत्रवाहिनीत खडा अडकून वर किडनीत पू झाला होता. त्याच रात्री डीजे स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) घातला. सेप्टिक शॉक आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर ईएफ ३० टक्के आणि ट्रोपोनिन पॉझिटिव्ह. ‘हृदयावर परिणाम झालाय’ एवढंच आम्हाला कळलं. नऊ दिवस आयसीयूत काढून आई घरी आली. सोडताना ईएफ ४५ होता. पुण्याचा दादा म्हणतो, ॲटॅक येऊन गेलाय, लगेच अँजिओग्राफी करू. मामा म्हणतात, एवढ्या सलाईनच्या बाटल्या चढवल्या, त्यानेच हृदय फुगलं. एका नातेवाइकांनी सांगितलं की हृदयाला ताकद देणारं महागडं इंजेक्शन असतं, ते डॉक्टरांनी दिलंच नाही. आईचं हृदय आता कायमचं असंच राहणार का? ती फार गळून गेली आहे, विसरते, रात्री दचकून उठते. हे हृदयामुळेच का?

— एक मुलगी, कराड तालुका

उत्तर:

ताई,

आईंचं हृदय कायमचं असंच राहील असं मला वाटत नाही. ३० वरून ४५ वर ते आठ-दहा दिवसांत आलं, यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे कुठलं औषध चालू ठेवायचं नि कुठलं थांबवायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तुम्ही लिहिलेलं चित्र आयसीयूत काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

आधी त्या आकड्याबद्दल, कारण घराघरांत त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात त्याच्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, तो ईएफ. धडधाकट माणसाचाही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. म्हणजे ४५ चा अर्थ ‘निम्म्याहून कमी हृदय चालू आहे’ असा होत नाही. आई नॉर्मलच्या थोड्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या रात्री काय झालं ते सांगतो. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे सगळ्या शरीराचं बिघडणं. त्यात जंतूंइतकंच नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे होतं. जंतूंशी लढायला जी रसायनं सुटतात ती आवरेनाशी होतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि बीपी कोसळतं. हीच रसायनं हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाहीत. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ नावाची प्रथिनं, जास्तीचं नायट्रिक ऑक्साइड, यांच्यामुळे स्नायूच्या पेशींत कॅल्शियमची ये-जा बिघडते, अ‍ॅड्रिनलिनला प्रतिसाद देणारी केंद्रं मंदावतात आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा अर्धवट बंद पडते. विहिरीवरची मोटर व्होल्टेज पडलं की कण्हत चालते, पाणी कमी फेकते, पण ती जळालेली नसते. सेप्सिसमधलं हृदय बहुतेक वेळा तसं असतं. सेप्टिक शॉकमधल्या रुग्णांच्या हृदयाला होणारा रक्तपुरवठा १९८०च्या दशकातच मोजला गेला होता. तो कमी झालेला नव्हता, काहींमध्ये उलट वाढलेला होता. म्हणजे हृदय दमलं ते रक्तवाहिनी तुंबल्यामुळे नव्हे.

१९८४ सालचा एक अभ्यास तुम्हाला सांगावासा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांच्या हृदयाचे स्कॅन पुन्हा पुन्हा काढले. निम्म्या रुग्णांचा ईएफ ४० च्या खाली गेलेला. अपेक्षा अशी की हेच रुग्ण दगावतील. झालं उलटं. जे १३ जण वाचले त्यांतल्या १० जणांचा ईएफ सुरुवातीला ४० च्या खाली होता, आणि जे सात दगावले त्यांतल्या एकाचाही नव्हता. वाचलेल्यांचं हृदय आजारात मोठं झालं होतं. आकुंचन कमजोर, पण कप्पा मोठा, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त टिकून राहिलं. साधारण दहा दिवसांत त्यांचा ईएफ आणि हृदयाचा आकार, दोन्ही पूर्ववत होत गेले. अभ्यास छोटा होता आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांमध्ये ईएफ कमी असणं हे जगण्याचं लक्षण ठरलं नाही, तसंच मरणाचंही ठरलं नाही. पण हृदय बसतं आणि परत उठतं, ही गोष्ट तेव्हापासून वारंवार दिसत आली आहे. काही रुग्णांत थोडी कमजोरी उरते, त्यांना वेळ जास्त लागतो. आई सध्या तरी त्या वाटेच्या अर्ध्याहून पुढे आहेत.

नॉर्मल ईएफही फसवा असू शकतो, हे इथेच सांगून टाकतो. रक्तवाहिन्या पार सैल पडलेल्या असतात तेव्हा हृदयाला समोरून विरोधच होत नाही, त्यामुळे आजारी हृदयसुद्धा सहज रिकामं होतं आणि इकोवर ६० दिसतं. बीपी वाढवणारं औषध सुरू केलं, वाहिन्या आवळल्या, की खरी ताकद उघडी पडते आणि तोच आकडा ३५ वर येतो. नातेवाइकांना वाटतं औषधाने हृदय बिघडलं. बिघाड आधीचाच असतो, फक्त दिसायला लागतो. शिवाय आकुंचन चांगलं असूनही हृदयाचं सैलावणं बिघडू शकतं, आणि सेप्सिसमध्ये त्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं आता मानलं जातं.

दादांच्या शंकेकडे येतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना मार बसला की ते रक्तात उतरतं, मग मार कशाचाही असो. ॲटॅकमध्ये वाढतं तसं गंभीर सेप्सिसमध्येही वाढतं, आणि किडनीचं काम मंदावलेलं असेल तर ते रक्तात साठूनही राहतं. म्हणून नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ वर ॲटॅकचा शिक्का मारता येत नाही. तरीही दादांची काळजी मी उडवून लावणार नाही. ५८ वर्षांचं वय आणि १२ वर्षांचा मधुमेह, म्हणजे आईंच्या हृदयाच्या वाहिन्या स्वच्छच असतील याची खात्री कुणी देऊ नये. मधुमेहात ॲटॅक छातीत न दुखताही येतो. फाइलमधला इकोचा रिपोर्ट काढून त्यावर काय लिहिलंय ते पाहा. संपूर्ण डावा कप्पा सारखाच मंद, म्हणजे ‘ग्लोबल हायपोकायनेशिया’ असं असेल तर चित्र सेप्सिसच्या बाजूचं आहे. एकाच भिंतीची हालचाल कमी, ‘रीजनल वॉल मोशन ॲबनॉर्मॅलिटी’, असं असेल किंवा ईसीजीत त्या भागाशी जुळणारे बदल असतील, तर वाहिन्यांची तपासणी लवकर हवी. पहिल्या चित्रात, छातीत दुखत नसेल आणि ईएफ वर येत असेल, तर अँजिओग्राफीची घाई करण्याचं कारण मला दिसत नाही. तिच्यात वापरलं जाणारं डाय किडनीवर भार टाकतं आणि आईंची किडनी नुकतीच मोठ्या संकटातून बाहेर आली आहे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन कितीवर स्थिरावलंय हे पाहूनच पुढचं ठरावं.

मामांचं म्हणणं. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाला पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिली सलाईन द्यावं असं सुचवलं जातं. ६० किलोच्या बाईला ते १,८०० मिली होतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळजवळ चार बाटल्या. बाहेर बाकावर बसून बाटलीमागून बाटली आत जाताना बघणाऱ्याला ते अतिच वाटणार. पण त्या वेळी रक्तवाहिन्यांमधलं पाणी शरीरात झिरपून गेलेलं असतं आणि हृदयात भरायला रक्तच कमी असतं. आईंचा ईएफ उतरला तो सलाईनमुळे नव्हे. मात्र सलाईनचा अतिरेक घातक असतो हे खरंच आहे. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांवर आजारी मुलांच्या अभ्यासात भराभर पाणी चढवल्याने मृत्यू वाढलेले दिसले, आणि त्यानंतर जगभर डॉक्टर हात आखडून वागायला लागले.

हात आखडायचा कधी, हे खाटेजवळ ठरतं. रुग्णाचे दोन्ही पाय खालून उचलून धरतात. पायांतलं साधारण ३०० मिली रक्त आपोआप हृदयाकडे येतं, आणि इकोचा प्रोब बरगड्यांवर ठेवून लगेच बघतात की ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढलं का. वाढलं तर आणखी पाणी उपयोगाचं. नाही वाढलं तर पुढची बाटली फुप्फुसांत जाणार. दुसरी खूण आणखी साधी आहे. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरायचं आणि सोडल्यावर पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. २०१९ साली लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर हीच पद्धत रक्तातल्या लॅक्टेटच्या (पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारं आम्ल) तपासणीशी ताडून पाहिली गेली आणि ती कुठे कमी पडली नाही. या चाचणीला लागतात ते फक्त घड्याळ आणि डोळे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी ही चाचणी रोज करावी असं मला मनापासून वाटतं.

पाणी पुरेसं झाल्यावरही बीपी धरत नसेल तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन सुरू करतात. आयसीयूच्या दारात तुम्हाला ‘पेशंट सपोर्टवर आहे’ असं सांगितलं गेलं असेल, तो हाच सपोर्ट. मॉनिटरवर कंसात दिसणारं सरासरी बीपी ६५ च्या आसपास ठेवायचं असतं. डोस वाढत चालला तर व्हॅसोप्रेसिन हे तसंच दुसरं औषध जोडतात, हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड देतात.

आणि ते महागडं इंजेक्शन. नातेवाइकांच्या मनात बहुधा लेव्होसिमेंडान असावं. कागदावर ते फार आकर्षक आहे, स्नायूचं आकुंचन वाढवतं आणि ऊर्जाही फार खात नाही. म्हणून ब्रिटनमध्ये सेप्टिक शॉकच्या ५१६ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २०१६ साली निकाल आला. अवयवांचं नुकसान कमी झालं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. उलट हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण वाढलं आणि व्हेंटिलेटरवरून सुटायला रुग्णांना जास्त अडचण आली. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांमध्ये ते वापरू नये असाच सल्ला आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही हे बरोबर केलं. पैसे कमी पडले म्हणून आईला काही मिळालं नाही, ही टोचणी मनातून काढून टाका. ताकद देणारं औषध खरंच लागलं तर डोब्युटामिन असतं, तेही सगळ्यांना नाही. बीपी सावरूनही लघवी होत नाही, हातपाय गार आहेत, लॅक्टेट उतरत नाही आणि इकोवर हृदय कमजोर दिसतंय, अशा वेळीच. दमलेल्या स्नायूला चाबूक मारला की ठोके वाढतात, लय बिघडते. ठोके मुद्दाम कमी करण्याचे प्रयोगही झाले. २०१३ साली इटलीत आशादायक दिसलं, २०२३ साली ब्रिटनमधली चाचणी अपाय होतोय अशा शंकेने मध्येच थांबवावी लागली. अगदीच हृदय बंद पडायला आलेल्या मोजक्या रुग्णांना हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या एक्मो यंत्रावर ठेवतात. निवडक केंद्रांमध्ये त्याने जीव वाचले आहेत, पण आईंची वेळ तिथवर आलीच नव्हती.

मग आईंना वाचवलं कशाने? त्याच रात्री घातलेल्या स्टेंटने आणि वेळेवर मिळालेल्या अँटिबायोटिकने. सेप्सिसमधल्या हृदयाचा खरा उपचार हृदयात नसतो. पू बाहेर निघाला, जंतू आटोक्यात आले, की रसायनांचा पूर ओसरतो आणि स्नायू आपोआप सावरतो. बीपी कोसळल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला होणारा प्रत्येक तासाचा उशीर महागात पडतो, हे २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींमधून दिसलं होतं. त्या तीन दिवसांबद्दल मात्र स्वतःला किंवा गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. लघवीच्या जळजळीला आधी गोळ्याच देतात, आणि आत खडा अडकलाय हे बाहेरून दिसत नाही. असंबद्ध बोलणं ऐकल्यावर तुम्ही वाट न पाहता गाडी काढलीत, त्याने जीव वाचला.

(इतर वाचकांसाठी एक जोड. पावसाळ्यात आपल्याकडे कोकणात लेप्टो, विदर्भात स्क्रब टायफस, आणि सगळीकडेच डेंगी, या तापांमध्येही हृदयाला असाच दणका बसतो. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली सापडते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध लागू पडतं. ताप असलेल्या माणसाला कपड्याखाली नीट पाहिल्याशिवाय सोडू नका.)

आता पुढचं. गळून जाणं, विसरणं, दचकून उठणं यांचा दोष हृदयाला देऊ नका. आयसीयूतल्या दिवसांत स्नायू भराभर झिजतात आणि मेंदूही भ्रमात असतो. पुष्कळ जणांना तिथली अर्धवट, भीतीदायक स्वप्नं महिनोनमहिने पडतात. आईंना ‘तुला काय काय झालं होतं’ हे दिवसांच्या क्रमाने शांतपणे सांगा, रिकाम्या जागा भरल्या की भीती कमी होते. दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळू शकतात, तेव्हा घाबरू नका, परत येतात. खाण्यात डाळ, अंडी, दूध, पनीर असं काही प्रत्येक वेळी असावं, किती ते क्रिएटिनिन बघून डॉक्टर सांगतील. अंगणात चालणं रोज थोडं वाढवा. चालताना दम लागत असेल, रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, पाय सुजत असतील, तर ते मात्र हृदयाचं लक्षण समजून लगेच दाखवा.

इको सहा आठवड्यांनी आणि गरज पडल्यास तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर हृदयाची म्हणून दिलेली औषधं मनाने बंद करू नका. ईएफ पूर्ववत झाला तर त्यांतली कुठली ठेवायची हे तेव्हा विचारा, जन्मभर घ्यायची असं आत्ताच धरून चालू नका. ईएफ तिथेच अडकला तर वाहिन्यांची तपासणी करायची वेळ ती, आणि तेव्हा मी दादांच्या बाजूने असेन. आयसीयूत असताना ठोक्यांची लय बिघडली होती का, एट्रियल फिब्रिलेशन असा शब्द डिस्चार्ज कार्डावर आहे का, तेही बघा. असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा, कारण पुढे पक्षाघाताचा धोका त्याने वाढू शकतो. सेप्सिसमधून उठलेल्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो असं दिसलं आहे, म्हणून साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉलमध्ये आता ढिलाई नको. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा.

औषधांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं आहेत का ते तपासा. मधुमेह आणि कमजोर हृदय, दोन्हींसाठी ही उत्तम औषधं आहेत आणि म्हणूनच कुणीतरी ती सहज लिहून देईल. पण ती लघवीतून साखर बाहेर टाकतात, आणि लघवीच्या मार्गातून सेप्सिस होण्याबद्दल २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यावर इशारा छापायला लावला आहे. नुकतंच असं आजारपण झालेल्या बाईला ती आत्ता द्यावीत का, हे किडनीचा इतिहास ठाऊक असलेल्या डॉक्टरांनीच ठरवावं.

पुन्हा थंडी वाजून ताप आला, श्वास भरभर चालला, बोलण्यात गोंधळ वाटला, लघवी कमी झाली, हातपाय गार किंवा चट्टेरी दिसले, यांतलं काहीही झालं तर गोळीचा परिणाम बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पोहोचल्याबरोबर सांगा, ‘हिला मागच्या महिन्यात सेप्टिक शॉक झाला होता.’

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला हृदयापेक्षा काळजी तिची आहे. तो स्टेंट अजून आत आहे, आणि बहुधा खडाही. घाईच्या रात्री फक्त वाट मोकळी करतात, खडा नंतर इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर काढायचा असतो. स्टेंट काही आठवड्यांसाठी असतो, तीन महिन्यांच्या पुढे विसरून राहिला तर त्यावरच खडे साठतात आणि हेच सगळं पुन्हा घडू शकतं. घरी आल्यावर बरं वाटायला लागतं आणि तो विसरला जातो, असं फार वेळा होतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट घातल्याची तारीख शोधा आणि या आठवड्यात युरोलॉजिस्टची वेळ घ्या. जाताना इकोचे दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आताचा ईएफ माहीत असायला हवा. आणि लघवीचा कल्चर रिपोर्टही न्या. कुठल्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चाललं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि खडा काढण्याआधी सर्जन तो मागतीलच.